ज्यांनी मशीन दाखवलंच नाही, त्यांच्याकडेच जा

पत्र: ताई, माझे सासरे 74 वर्षांचे आहेत. एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. चार-पाच वर्षांपासून त्यांना कमी ऐकू येतं, पण ते म्हणतात, ‘मला ऐकू येतं, तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता.’ परवा मंडईत भाजीवाला ‘साठ’ म्हणाला, यांनी ‘आठ’ ऐकलं आणि भांडण झालं. दोन वर्षांपूर्वी मोफत तपासणी शिबिरात नऊ हजारांचं कानाचं मशीन घेतलं होतं. महिनाभर घातलं, आता ते कपाटात पडून आहे. ‘नुसता गोंगाट’ म्हणतात. पुतण्या पुण्यात असतो. तिथल्या एका मोठ्या शोरूममध्ये दोन लाख दहा हजारांची जोडी एक लाख सव्वीस हजारांना देतायत, पण याच आठवड्यात घेतली तर. फोनवर शोरूमवाले म्हणाले की मशीन लावलं नाही तर विसरण्याचा आजार होतो. इथे कराडात एका बाईंचं छोटं क्लिनिक आहे. तिथे गेलो तर त्यांनी मशीन दाखवलंच नाही. ‘कानात मळ आहे, आधी डॉक्टरांकडून साफ करून घ्या, मग तपासू’ म्हणाल्या. किंमत विचारली तर सांगेनात. फार ताणून धरलं तेव्हा जोडी साठ ते नव्वद हजार म्हणाल्या, सूट फारशी नाही. त्यांना धंदा करायचाच नाही असं वाटलं. माझा मुलगा म्हणतो, ऑनलाइन अडीच हजारांत मिळतं. कुठून घ्यावं? दोन्ही कानांना लागतंच का? सरकारी योजनेतून काही मिळतं का?
— सौ. व. ज., कराड

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे, फक्त तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंय. कराडच्या बाईंनी मशीन दाखवलं नाही, हेच त्यांच्याकडे जाण्याचं सगळ्यात मोठं कारण. मी स्वतः गेली काही वर्षं दोन्ही कानांत मशीन घालते आणि त्या निमित्ताने बरीच दुकानं पाहिली आहेत. पाच मिनिटांत काचेच्या कपाटातून डबी काढून समोर ठेवणारे पुष्कळ भेटतात. ‘आधी मळ काढून या’ असं म्हणून गिऱ्हाईक परत पाठवणारे फार थोडे.

त्या बाईंनी परत का पाठवलं, ते आधी बघू. मळाचा बोळा कानात असला तर तपासणी चुकते. तपासणीत ऐकण्याचा जो आलेख काढतात तो खरा असतो त्यापेक्षा वाईट दिसतो, त्या आलेखावर मशीन बसवलं की आवाज जास्त होतो आणि म्हातारा माणूस ‘गोंगाट’ म्हणून ते काढून ठेवतो. शिवाय कानाच्या डॉक्टरांनी एकदा पडदा बघायलाच हवा. कान वाहत असेल, एकाच कानाला कमी ऐकू येत असेल, चक्कर येत असेल तर प्रश्न मशीनचा नसतो, उपचाराचा असतो. आणि हे सगळ्यांसाठीच सांगते: एखाद्या दिवशी अचानक एका कानाचं ऐकणं गेलं, तर मळ असेल म्हणून आठवडा काढू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा, कारण तिथे औषध लवकर सुरू होण्याला महत्त्व असतं.

तुमच्या सासऱ्यांचं तसं दिसत नाही. त्यांचं हळूहळू झालंय, वय आहे आणि आयुष्य वर्कशॉपच्या ठोकाठोकीत गेलंय. अशा कानांचं एक वैशिष्ट्य असतं: जाड आवाज नीट येतात, बारीक आवाज जातात. मराठीत अ, आ, ओ हे स्वर जाड आणि दमदार असतात. स, श, फ, थ, ख यांच्यातली हवा बारीक आणि उंच पट्टीतली. म्हणून ‘साठ’मधला स गळाला आणि ‘आठ’ उरलं. म्हणजे त्यांचं म्हणणं खोटं नाही. आवाज त्यांच्यापर्यंत पोचतो, शब्द पोचत नाही, आणि त्यांना प्रामाणिकपणे वाटतं की तुम्हीच नीट बोलत नाही. तुम्ही ओरडलात तर जाड आवाज आणखी जाड होतो, स तेवढाच राहतो. वर ‘ओरडतेस कशाला’ हेही ऐकून घ्यावं लागतं, कारण अशा कानांना थोडासा मोठा आवाजही एकदम टोचतो.

आता शिबिरातल्या मशीनचं काय झालं असेल, याचा अंदाज यातूनच येतो. शिबिरं सरसकट वाईट नसतात, पण बहुतेक ठिकाणी तपासणी हॉलमध्ये होते. वर पंखा, बाजूला रांग, रांगेत गप्पा. खरी तपासणी बंद, आवाजरोधक खोलीत होते. हेडफोन लावून बारीक-मोठ्या पट्टीतले सूर ऐकवतात, ऐकू आलं की बटण दाबायचं. मग कानामागच्या हाडावर एक छोटं कंपन देणारं यंत्र ठेवून पुन्हा तेच करतात. दोन्हींत फरक आला तर दोष बाहेरच्या किंवा मधल्या कानात आहे असं समजतं, आणि तो कधीकधी औषधाने किंवा ऑपरेशनने सुधारतो. ही हाडावरची चाचणी न करता मशीन विकणाऱ्याकडून उठून यावं, माझं तर स्पष्ट मत आहे.

त्या चाचणीचा कागद म्हणजे ऑडिओग्राम. तो मागून घ्या, तो तुमचा आहे. उजवा कान लाल गोलांनी दाखवतात, डावा निळ्या फुल्यांनी. डावीकडे 250 हर्ट्‌झपासून उजवीकडे 8000 हर्ट्‌झपर्यंत पट्टी चढत जाते, आणि रेघ जितकी खाली, तितकं कमी ऐकू येतं. तुमच्या सासऱ्यांची रेघ डावीकडे बरी आणि उजवीकडे उताराला लागलेली असेल असं मला वाटतं. आवाजात काम केलेल्यांच्या आलेखात 4000 च्या आसपास बऱ्याचदा एक खड्डाही दिसतो. शिबिरातलं मशीन सगळ्याच पट्ट्या एकसारख्या चढवत असेल, तर त्यांच्या चांगल्या असलेल्या जाड पट्टीवर पंखा, गाड्या, भांडी असं सगळं येऊन आदळलं असणार. त्याला त्यांनी ‘गोंगाट’ म्हटलं, ते बरोबरच आहे.

याच कारणाने मुलाचा अडीच हजारांचा पर्याय बाजूला ठेवा. त्या किमतीत ऑनलाइन मिळतात ते बहुतेक नुसते आवाज वाढवणारे डबे असतात. तुमचा आलेख त्यांना माहीत नसतो. सासऱ्यांच्या कपाटात तसा एक आहेच, दुसरा कशाला?

सुरांची चाचणी झाली की शब्दांची व्हायला हवी. तोंड झाकून किंवा रेकॉर्डवरून एकेक शब्द ऐकवतात आणि परत म्हणायला लावतात. ही चाचणी मराठीत करा असा आग्रह धरा. हिंदी किंवा इंग्रजी शब्दांवर आपला माणूस चुकला तर तो कानाने चुकला की भाषेने, हे कसं कळणार? शंभरातले किती शब्द बरोबर आले, हा आकडा लिहून घ्या. मशीनकडून किती अपेक्षा ठेवायची ते या आकड्यावरून समजतं. काही जणांच्या बाबतीत आवाज कितीही वाढवला तरी शब्द स्पष्ट होत नाहीत. हे आधीच तोंडावर सांगणारा माणूस विश्वासाचा.

माणूस कोण आहे हेही बघायचं. ऑडिओलॉजिस्टची, म्हणजे ऐकण्याची तपासणी करून मशीन बसवणाऱ्या तज्ज्ञाची, पदवी असते आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. 1992 च्या कायद्याने ही नोंदणी ठेवली जाते आणि प्रमाणपत्रावर नोंदणी क्रमांक असतो. बहुतेक जण ते भिंतीवर लावतात. नसेल तर विचारा, यात संकोच कसला? ‘हियरिंग एक्स्पर्ट’ असा बिल्ला लावलेला विक्रेता वेगळा आणि ऑडिओलॉजिस्ट वेगळा. पुण्याच्या शोरूममध्येही ऑडिओलॉजिस्ट असू शकतो, मोठ्या साखळीत असतातही. पण ज्यांनी फोनवर आलेख न बघता जोडीची किंमत सांगितली आणि आजाराची भीती घातली, ते बोलणं विक्रीचं होतं.

त्या भीतीबद्दल सांगते, कारण ती पूर्ण खोटी नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2020 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये, ज्या गोष्टींवर उपाय केला तर स्मृतिभ्रंशाचा धोका कमी होऊ शकतो त्यांत बहिरेपणही धरलं आहे. म्हणून कानांकडे दुर्लक्ष करू नये, हे खरंच. पण मशीन न लावलेल्याला तो आजार होतोच असं कोणी म्हटलेलं नाही, आणि या आठवड्यात सही केली नाही तर काही बिघडतं असं तर नाहीच. वर्षानुवर्षं हळूहळू कमी झालेल्या कानांना आणखी तीन आठवडे चालतात.

आणि ती सूट. दोन लाख दहा हजारांवरून एक लाख सव्वीस हजार! छापील किंमत कितीही असू शकते, त्यामुळे सूट किती यावरून काहीच ठरत नाही. कंपनी, मॉडेलचं पूर्ण नाव आणि त्यापुढचा आकडा असं कागदावर लिहून मागा. तो आकडा त्या मालिकेतली पायरी सांगतो, आणि इथे गंमत आहे: सिग्नियामध्ये 7 म्हणजे वरची पायरी, तर ओटिकॉनमध्ये 1 म्हणजे सगळ्यात वरची. आकडा न सांगता नुसतं ‘लेटेस्ट मॉडेल आहे’ म्हणाले, तर खालच्या पायरीचं मशीन वरच्या भावात गळ्यात पडू शकतं. फोनॅक, ओटिकॉन, सिग्निया, वायडेक्स, रीसाउंड, स्टार्की या सगळ्या नावाजलेल्या कंपन्या आहेत आणि कराडातल्या बाईही बहुधा यांच्यातलंच काहीतरी देतील. पायरी वाढते तसे चॅनेल, म्हणजे आवाज वेगवेगळा वरखाली करता येणारे पट्टे, वाढतात, गर्दीतला गलका वेगळा काढण्याची युक्ती सुधारते, फोन थेट कानात येतो. जो माणूस दिवसभर मीटिंगांत बसतो त्याला वरची पायरी उपयोगी. तुमच्या सासऱ्यांचा दिवस कसा जातो? घर, मंडई, पारावरच्या गप्पा, संध्याकाळी टीव्ही. त्याला मधली पायरी पुरेल असं मला वाटतं. कमी पायरीचं पण नीट बसवलेलं मशीन, महागड्या पण घाईत बसवलेल्या मशीनपेक्षा चांगलं चालतं.

‘नीट बसवलेलं’ म्हणजे काय, हे जवळून सांगायला हवं, कारण दुकानाची खरी परीक्षा इथेच होते. संगणकाला मशीन जोडून आलेख टाकला की कंपनीचं सॉफ्टवेअर एका बटणात अंदाजे आवाज भरून देतं. बरेच जण तिथेच थांबतात. पण प्रत्येक कानाची नळी वेगळी, लांबी वेगळी, त्यामुळे पडद्याजवळ प्रत्यक्ष किती आवाज पोचतो ते मोजावं लागतं. त्यासाठी शेवईएवढी बारीक मऊ नळी कानात पडद्याच्या जवळपर्यंत सरकवतात, तिच्या बाहेर मशीन बसवतात, समोरच्या स्पीकरमधून बोलणं ऐकवतात आणि संगणकाच्या पडद्यावर दोन रेघा दिसतात: हवा तेवढा आवाज आणि मिळतोय तेवढा आवाज. मग बारीक पट्टीत कमी पडतंय तिथे वाढवायचं, जाड पट्टीत जास्त झालंय तिथे उतरवायचं. याला रिअल इअर मेझरमेंट म्हणतात. दुखत नाही, थोडी गुदगुली होते. सासऱ्यांचा ‘स’ परत आला की नाही, हे या रेघांवर दिसतं. याची सोय महाग असल्याने लहान गावात प्रत्येकाकडे नसते. कराडच्या बाईंकडे नसेल तर एवढ्यावरून त्यांना नापास करू नका. पण मग मशीन घालून शब्दांची चाचणी पुन्हा करा म्हणावं, आणि आधीच्या आकड्याशी ताडून बघावं.

कानात जाणारा भागही असाच. तयार रबरी टोपी, म्हणजे डोम, काहींना चालते. काहींना कानाचं माप घेऊन साचा, म्हणजे मोल्ड, करावा लागतो. सैल बसलं की शिट्टी वाजते. शिट्टी वाजली की दुकानदार कधीकधी बारीक पट्टीचा आवाजच उतरवून देतो. शिट्टी थांबते, पण ज्यासाठी पैसे दिले तो स पुन्हा जातो! तेव्हा शिट्टी आली तर ‘आवाज कमी करू नका, बसतं कसं ते बघा’ असं म्हणा.

बटणाएवढं, कानात दिसणारही नाही असं मशीन सासऱ्यांना आवडेल. मेकॅनिकची बोटं आणि 74 वर्षांची नजर बघता मी कानामागचंच घ्या म्हणेन. चार्जिंगचं मिळालं तर अधिक बरं. रात्री डबीत ठेवलं की झालं, आणि एका चार्जमध्ये दिवस निघतो. सेलवालं घेतलंत तर सेलवरचं रंगीत स्टिकर काढून तो मिनिटभर उघडा ठेवायचा आणि मग घालायचा, म्हणजे हवा लागून तो नीट जागा होतो. स्टिकर एकदा काढलं की मशीन बंद असलं तरी सेल उतरत राहतो, म्हणून आधीपासून काढून ठेवू नये.

आता मी कराडच का म्हणते. पहिले काही आठवडे मशीन अंगवळणी पडत नाही. स्वतःचा आवाज घुमतो, कुकरची शिट्टी दचकवते, वर्तमानपत्राची सळसळही मोठी वाटते. मेंदूला हे आवाज परत ओळखीचे व्हायला वेळ लागतो, आणि त्या काळात मशीन दोन-चार वेळा थोडं थोडं वरखाली करून घ्यावं लागतं. पुढेही मशीनची मळ अडवणारी जाळी बदलणं, पावसाळ्यात दमट हवेने बंद पडणं, दरवर्षी तपासणी हे चालूच राहतं. यासाठी सासरे रिक्षाने स्टँडपलीकडच्या क्लिनिकात जातील. पुण्याला जातील का? जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडतो, मुलाची रजा जाते, आणि दुसऱ्या फेरीला ते ‘राहू दे, चाललंय की’ म्हणतील. मशीन कपाटात जायचा रस्ता तोच आहे.

तरी कराडच्या बाईंनाही डोळे झाकून होकार देऊ नका. मळ काढून झाला, तपासणी झाली की सासऱ्यांसमोरच विचारा: ट्रायलला घरी न्यायला किती दिवस द्याल? अनामत किती, आणि नाही पटलं तर परत किती? दिलेल्या किमतीत पुढच्या किती भेटी धरल्या आहेत? वॉरंटी कंपनीची की तुमची, आणि दुरुस्तीला गेलं तर तोवर बदली मशीन मिळेल का? आणि एक प्रश्न पुण्यात आवर्जून विचारा: उद्या आम्ही दुसरीकडे गेलो तर दुसरा ऑडिओलॉजिस्ट हेच मशीन प्रोग्रॅम करू शकेल का? काही साखळ्या स्वतःच्या नावाची, कुलूप घातलेली मशीनं विकतात, ती फक्त त्यांच्याच दुकानात उघडतात. पुण्याहून तसं घेतलंत तर कराडच्या बाई इच्छा असूनही हात लावू शकणार नाहीत.

बिल पक्कं घ्या, त्यावर उजव्या-डाव्या दोन्ही मशीनांचे अनुक्रमांक असू द्या. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही, तेव्हा कोणी यंत्राच्या किमतीवर कर लावत असेल तर कसला ते विचारा. फसवणूक झालीच तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

दोन्ही कानांना लागतं का? दोन्हींचं सारखंच कमी झालं असेल तर हो. आवाज कुठल्या बाजूने आला हे दोन कानांनीच कळतं, रस्ता ओलांडताना ते लागतं, आणि गर्दीत शब्द वेगळा काढायलाही दोन कानांचीच मदत होते. पैशाची ओढ असेल तर वरच्या पायरीचं एक घेण्याऐवजी खालच्या पायरीची दोन घ्या. एकच घ्यायचं ठरलं तर कुठल्या कानाला, हे शब्दांच्या चाचणीवरून ठरवा, ‘उजवा कान जास्त बहिरा आहे’ एवढ्यावर नको. पूर्ण दमलेल्या कानात मशीन घालून फारसा उपयोग होत नाही.

योजनांचं थोडक्यात. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरच्यांना श्रवणयंत्रासारख्या साधनांसाठी एकदाच 3000 रुपये खात्यात मिळतात, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत लागतं. घरात कमावता मुलगा असेल तर तुम्ही बहुधा त्यात बसणार नाही. केंद्राच्या एडिप योजनेतून यंत्रं मिळतात, त्यासाठी 40 टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि उत्पन्नाची मर्यादा आहे. कायद्याने कर्णबधिरत्व धरायला दोन्ही कानांत ऐकण्यात किमान 60 डेसिबलचा (डेसिबल हे आवाजाचं माप) तोटा लागतो. सासऱ्यांचा आलेख तिथवर गेलेला असेल तरच जिल्हा रुग्णालयाची फेरी मारा. आणि कराडच्या तपासणीनंतरही मन शंकेत असेल, तर दुसरं मत शोरूममध्ये न घेता जिथे ऑडिओलॉजी शिकवतात तिथे घ्या. पुण्यात भारती विद्यापीठाचं महाविद्यालय आहे, मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था आणि नायर रुग्णालय आहे. तिथे रांग असते, शिकाऊ मुलं वेळ घेतात, पण खाली विक्रीचा काउंटर वाट बघत नसतो.

जाताना कपाटातलं जुनं मशीनही घेऊन जा. बाई ते तपासून सांगतील की ते निकामीच आहे, की नव्याची ट्रायल मिळेपर्यंत आवाज उतरवून टीव्हीपुरतं वापरता येईल. आणि तपासणीच्या खोलीत सासऱ्यांबरोबर तुम्ही जा, बाईंचे प्रश्न मात्र त्यांनाच विचारू द्या. कुठे ऐकू येत नाही हे त्यांच्या तोंडून आलं, मंडईतल्या भांडणासकट, तर मशीन कुठल्या आवाजासाठी लावायचं ते बाईंना कळेल.